कापायचंय का नुसतं दाखवायचंय?

हर्निया झालाय असं सांगितलं की आमच्या सांगलीत कुणी ‘दुखतंय का’ म्हणून विचारत नाही. ‘कुणाकडे करताय?’ असं विचारतात. आपण नाव सांगितलं की समोरचा क्षणभर आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, ‘हं. करा, करा. आमच्या साडूंनीही त्यांच्याकडेच केलं होतं.’ साडूंचं पुढे काय झालं हे तो सांगत नाही आणि विचारायचा धीर आपल्याला होत नाही.

माझं प्रकरण तसं किरकोळ. उजव्या जांघेत लिंबाएवढा उंचवटा. आडवं झालं की गायब, उभं राहिलं की हजर. फॅमिली डॉक्टरांनी मला भिंतीपाशी उभं केलं, जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘खोका.’ मी खोकलो. ‘जोरात.’ मी असा खोकलो की बाहेर बसलेले दोन पेशंट नंबर सोडून निघून गेले. ‘हर्निया,’ डॉक्टर म्हणाले. गेल्या दिवाळीत मी सागवानी दिवाण एकट्याने हलवला होता. त्याची हकिकत मी सविस्तर सांगायला घेतली, कारण दुखण्यामागे थोडा पराक्रम असला की बरं वाटतं. डॉक्टरांनी दिवाणाकडे ढुंकूनही न बघता विचारलं, ‘खोकला जुना आहे का? सकाळी पोट साफ होतं का?’

‘खोकला हवेचा,’ मी म्हटलं. ‘धूळ फार झालीये हल्ली.’

‘घाई नाही, पण टाळू नका. आतडं अडकलं तर मध्यरात्री पळावं लागेल. जाळी बसवायची, एक-दोन दिवसांत घरी.’

‘कुणाकडे करू?’

‘कुणाकडेही करा. मिरज जवळ आहे.’

कुणाकडेही म्हणजे नेमकं कुणाकडे, यावर त्याच संध्याकाळी घरात बैठक बसली.

मिरज जवळ असणं हे जितकं धीराचं तितकंच घोटाळ्याचं. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं हॉस्पिटल काढलं, आणि तेव्हापासून कोकण, गोवा, कर्नाटक, कुठेही माणूस अंथरुणाला खिळला की ‘मिरजेला नेलं का?’ हा प्रश्न ठरून गेला. त्या एका हॉस्पिटलच्या आसऱ्याने पुढे इतकी उगवली की आता मिरजेत दोन दवाखान्यांच्या मध्ये औषधाचं दुकान असतं आणि दोन औषधाच्या दुकानांच्या मध्ये दवाखाना. मधूनच एखादं तंबोरे-सतारींचं दुकान लागतं, तेवढाच डोळ्यांना विसावा. गावात एकच सर्जन असता तर मी निमूटपणे टेबलावर आडवा झालो असतो. इथे निवड करायची होती, आणि निवड म्हटलं की आमचा मेहुणा आला.

मेहुणा पाटबंधारे खात्यात आहे. तीन निविदा आल्याशिवाय त्याचा कशावरही विश्वास बसत नाही. त्याने आखीव कागद काढून सर्जन लोकांचा तुलनात्मक तक्ता केला. रकाने असे: नाव, वय, गर्दी, गाडी, बायको काय करते.

‘बायको कशाला?’ मी विचारलं.

‘दाजी, बायको डॉक्टर असली तर घरी गेल्यावरही केसचा विचार होतो. नसली तर घरी गेल्यावर डोकं शांत राहतं. दोन्ही बघायला लागतं.’

तक्ता भरत गेला तशी प्रत्येक रकान्याला दोन तोंडं फुटली. साठीचा सर्जन अनुभवी, पण हात थरथरत असेल. पस्तिशीतला नवं शिकून आलेला, पण शिकला कुणावर? बाहेर गर्दी असेल तर माणूस चांगलाच असणार, पण मग आपल्याला वेळ कुठून देणार? गर्दी नसेल तर निवांत बघेल, पण लोक जात का नाहीत? गोड बोलणारा बिल वाढवणार. खेकसणारा मात्र हाताचा चांगला असणार, नाहीतर एवढं ऐकून घ्यायला लोक कशाला थांबले असते? एकांची गाडी अगदी साधी होती. मला तो प्रामाणिकपणाचा पुरावा वाटला. मेहुण्याने त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ‘इतकी वर्षं प्रॅक्टिस करून अजून तीच गाडी? काहीतरी गडबड आहे, दाजी.’

आमच्या आत्याचा तक्त्यांवर विश्वास नाही. ती हाताचा गुण बघते. ‘मी सांगते त्या डॉक्टरांकडे जा. नुसता हात लावला आणि मला लख्ख दिसायला लागलं,’ ती म्हणाली. दिसायला लागलं हे ऐकून बायकोने जरा खोलात शिरून चौकशी केली, तेव्हा ते डोळ्यांचे डॉक्टर निघाले. आत्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. ‘गुण हाताला असतो, डोळ्याला नाही,’ असं म्हणून तिने फोन ठेवला. पुढे आठवडाभर ती नातेवाइकांना ‘चांगलं सांगितलं तर ऐकत नाहीत’ असं सांगत होती.

मग आमराई. सकाळी तिथे फिरायला येणाऱ्या मंडळींत हर्निया होऊन गेलेले किती आहेत याची मला तोवर कल्पना नव्हती. माझी बातमी फुटताच एकेक जण पुढे यायला लागला. हर्नियाचा व्रण असा जागी असतो की चारचौघांत दाखवता येत नाही आणि न दाखवता राहवतही नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक कंट्रोलर मला दंडाला धरून आंब्याच्या खोडाआड घेऊन गेले, लेंग्याची नाडी चार बोटं सैल केली आणि म्हणाले, ‘बघा. दिसतोय का टाका?’

मी चष्मा घरी विसरलो होतो. ‘नाही दिसत.’

‘दिसणारच नाही! असं काम आहे आमच्या डॉक्टरांचं!’

तेवढ्यात हास्यक्लबच्या भगिनी त्या वाटेने आल्या आणि आमची वैद्यकीय चर्चा अर्धवट राहिली. दुसऱ्या दिवसापासून त्या पलीकडच्या वाटेने जायला लागल्या.

आमराईतला प्रत्येक जण आपलाच सर्जन महाराष्ट्रात पहिला असं छातीठोकपणे सांगत होता. मीही भारावून ऐकत होतो. ज्यांचं बिघडलं ते आमराईत चक्कर मारायला येत नसावेत, हा विचार मला रात्री दोन वाजता आला आणि मग झोप लागली नाही.

त्याच मंडळींत एक निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत. त्यांनी मला थेट सुश्रुतापर्यंत नेलं. सुश्रुताच्या शिष्यांना माणसाला हात लावण्याआधी कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर चिरा देण्याचा सराव करावा लागे. शिकून झाल्यावर राजाची परवानगी घ्यायची आणि मगच रोग्यांकडे जायचं. तेही नखं-केस कापून, स्वच्छ पांढरी वस्त्रं नेसून, पायात पादत्राण, हातात काठी आणि छत्री घेऊन. शस्त्र चालवताना वैद्याला घाम येता कामा नये, हात कापता कामा नये आणि मनाचा गोंधळ उडता कामा नये. मला हे सगळं फारच पटलं. मेहुण्याने तक्त्यात ‘नखं’ असा रकाना वाढवला. छत्रीचा रकाना उन्हाळ्यामुळे रद्द केला.

मुलगी पुण्याहून फोनवर वैतागली. ‘बाबा, नखं कसली बघताय? रजिस्ट्रेशन नंबर बघा आधी.’

तिचं म्हणणं रास्त होतं. राजाची परवानगी आता महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून मिळते. १९६५ चा कायदा आहे. दर पाच वर्षांनी डॉक्टरांना नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी व्याख्यानं, कार्यशाळा यांना हजर राहून गुण जमवावे लागतात. आम्हा पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो तसाच हा प्रकार दिसला, आणि डॉक्टर मंडळींबद्दल मला पहिल्यांदाच आपुलकी वाटली. हा नंबर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि पावतीवर छापलेला असला पाहिजे, असा २००२ चा नियम आहे. आम्ही शेवटी ज्यांच्या नावावर येऊन थांबलो त्या सर्जनच्या चिठ्ठीवर तो होताही. नेमका त्याच्यावर औषधवाल्याने ‘दिले’ असा जांभळा शिक्का हाणला होता. मेहुण्याने चिठ्ठी ट्यूबलाइटसमोर धरून एकेक आकडा वाचला, मी मोबाइलवर घातला.

‘दाजी, ह्या तर बाळंतपणाच्या बाई निघाल्या.’

तीनाचा आठ झाला होता. दुरुस्त केल्यावर आमचे सर्जन सापडले. नाव बरोबर, पदवी बरोबर, नोंदणी चालू. सगळ्या शोधात पक्की म्हणावी अशी ही एकच माहिती, आणि ती मिळाल्यावर घरात कुणाला फारसा आनंद झाला नाही. ‘यात गाडीचं काहीच नाही,’ मेहुणा म्हणाला.

पाटीवरच्या अक्षरांचाही मी अभ्यास केला. एमबीबीएसनंतर तीन वर्षं सर्जरीत राबून परीक्षा दिली की एम.एस. किंवा डी.एन.बी. लागतं. त्याच्याही पुढे एखाद्या खास शाखेत शिकलं की एम.सीएच. इथवर सरळ आहे. त्यानंतर ‘एफ’ने सुरू होणारी अक्षरं येतात, आणि तिथे आपण हरवतो. काही फेलोशिपांच्या मागे घाम असतो, काहींच्या मागे वर्गणी असते, आणि पाटीवर दोन्हींची अक्षरं सारख्याच उंचीची असतात. त्याच २००२ च्या नियमांत असंही आहे की डॉक्टरची पाटी भलतीच मोठी नसावी आणि औषधाच्या दुकानावर लावू नये. हे वाचून मी मुद्दाम मिरजेत एक फेरी मारून आलो. नियम फार चांगला आहे.

मोबाइलवरचे तारेही बघितले. एकाने एक तारा दिला होता, कारण पार्किंगला झाड आड येतं. दुसऱ्याने पाच दिले होते आणि लिहिलं होतं, ‘स्टाफ प्रेमळ, इडली गरम.’ तो कशासाठी दाखल झाला होता आणि कसा बाहेर पडला, याचा पत्ता नाही.

खरी माहिती मिळाली ती मिरज स्टेशनासमोर. आम्ही रिक्षात चढलो आणि पत्ता सांगायच्या आत ड्रायव्हरने आरशातून विचारलं, ‘कापायचंय का नुसतं दाखवायचंय?’

‘कापायचंय,’ बायको म्हणाली. ‘ह्यांचं.’

‘हर्न्या न्हवं?’

मी थक्क झालो. ‘कसं ओळखलं?’

‘चढताना खिशात हात घालून दाबून धरलंसा की.’ फॅमिली डॉक्टरांना मला खोकायला लावावं लागलं होतं. ‘कोन डॉक्टर?’

बायकोने नाव सांगितलं. तो म्हणाला, ‘चालतंय.’

‘चालतंय म्हणजे?’

‘म्हंजे त्येंची मान्सं चालत येत्यात. सोडताना म्या कुनाकडं बघत न्हाई, सोडताना समदीच वाकून जात्यात. घ्यायला जातो तवा बघतो. काय डॉक्टरांची मान्सं दुसऱ्या दिशी सोता चढून बसत्यात. काय जनांची दोघांनी धरून घालावी लागत्यात. आनि पंधरा दिसांत तेच गिऱ्हाईक, तीच पिशवी घिऊन परत आलं, की आमाला कळतंय.’

मेहुण्याने चालत्या रिक्षात तक्ता मांडीवर घेतला आणि ‘रिक्षा’ असा नवा रकाना आखला. रस्ता खराब असल्याने रेघ वाकडी आली, पण त्या सगळ्या कागदावर तोच एक रकाना कामाचा होता.

दरम्यान मुलीने मला डॉ. अतुल गावंडे यांचं एक पुस्तक पाठवलं होतं. त्यात टोरंटोजवळच्या शोल्डाइस नावाच्या हॉस्पिटलची हकिकत आहे. तिथे हर्नियाशिवाय दुसरं काहीच करत नाहीत आणि तिथला एकेक सर्जन वर्षाला सहाशे ते आठशे हर्निया शिवतो. तेच ते काम रोज केल्यावर चुका कमी होतात, एवढंच त्याचं सार. गावंडे बोस्टनमधले नावाजलेले सर्जन, पण त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातले, उटी गावचे. हे कळल्यावर मेहुणा उठून उभा राहिला. ‘दाजी, आपलाच माणूस! विचारून बघायचं का?’ बोस्टनहून हर्नियासाठी मिरजेला कुणी येत नाही, हे त्याला पटवण्यात संध्याकाळ गेली.

पुस्तकाचा परिणाम म्हणून मी एका चिठ्ठीवर मोजकेच प्रश्न लिहून घेतले. असे किती केलेत? बिघडलं तर काय बिघडतं? कापणार तुम्हीच ना? चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवून मी सर्जनसमोर बसलो.

आधी नखं बघितली. आखूड होती. मग घाम बघितला. एप्रिलची दुपार, तेवढ्यात वीज गेली, आणि बघता बघता डॉक्टरांच्या कपाळावर थेंब उभे राहिले. मी बायकोला कोपराने खुणावलं. ‘सुश्रुतांच्या वेळी लाइट जात नव्हती,’ ती पुटपुटली.

तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’

हाच तो क्षण. मी खिशाला हात लावला. समोर एवढा शिकलेला माणूस, पांढरा कोट, भिंतीवर पदव्या, आणि त्याला तोंडावर विचारायचं की तुम्हाला येतं का? आमच्या सात पिढ्यांत हे कुणी केलेलं नाही. आम्ही रिक्षावाल्याला विचारू, औषधवाल्याला विचारू, डॉक्टरांच्या ड्रायव्हरच्या मेहुण्याला विचारू. घसा साफ करून मी म्हटलं, ‘डॉक्टर, तुमचं मूळ गाव कुठलं?’

‘कवठेमहांकाळ.’

‘अरे वा! आमच्या चुलत्यांचे व्याही तिथलेच!’

व्याही निघाले, व्याह्यांची द्राक्षबाग निघाली, बागेतली विहीर निघाली. माझ्या मनावरचा भार हलका होत गेला. कवठेमहांकाळचा माणूस आपलं वाईट कशाला करेल? मी निरोप घ्यायला उठलो तेव्हा बायकोने माझ्या खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि किराणा मालाची यादी वाचावी तशी, न अडखळता तिन्ही प्रश्न वाचून दाखवले.

मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. डॉक्टरांनी मात्र हातातलं पेन खाली ठेवलं. ‘बरं झालं विचारलंत. बाकी सगळे गाव विचारतात.’

मग ते सरळ बोलले. हर्निया आठवड्याला तीन-चार तरी होतात, एकूण आकडा हजाराच्या पुढे गेल्यावर मोजायचं सोडलं. कधी जखमेत पाणी साठतं, क्वचित पू होतो. काहींची जांघ महिनोनमहिने दुखत राहते. थोड्यांचा हर्निया परत येतो. ‘माझ्याकडचे परत आलेले फार नाहीत,’ ते म्हणाले, ‘पण त्यांची नावं मला पाठ आहेत.’

खोलीत जरा शांतता पसरली. या वाक्याला तक्त्यात रकाना नव्हता.

‘आणि कापणार मीच. मदतीला ज्युनिअर असेल. शेवटचे टाके तो घालेल, मी समोर उभा असेन.’

‘टाके ज्युनिअर?’ मेहुणा कळवळला. ‘डॉक्टर, आमराईत टाकेच बघतात!’

त्याला आणखी एक शल्य होतं. ऑपरेशन दुर्बिणीतून होणार नव्हतं. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, ते भारतातलं पहिलं. तेव्हापासून आमच्या नात्यात दुर्बिणीला जो मान आहे तो लग्नात चांदीच्या ताटालाही नाही. मेहुण्याच्या सासऱ्यांचं दुर्बिणीतून झालेलं. डॉक्टर म्हणाले, ‘यांचा एकाच बाजूचा आहे, पहिल्यांदाच आहे, आणि खोकला बघता पूर्ण भूल देण्यापेक्षा पाठीत इंजेक्शन बरं. खोकला कशाचा म्हणालात?’

‘हवेचा,’ मी म्हटलं.

आदल्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइल चाळत पडलो, आणि तिथे लिओनिद रोगोझोव्ह भेटला. हा रशियन डॉक्टर १९६१ साली अंटार्क्टिकावरच्या तळावर होता. अपेंडिक्स सुजलं, बाहेर हिमवादळ, आणि आसपास दुसरा सर्जन नाही. त्याने नुसती जागा बधिर केली, हवामानखात्याच्या आणि गाड्या सांभाळणाऱ्या सोबत्यांना हत्यारं आणि आरसा धरायला लावलं आणि स्वतःचं अपेंडिक्स स्वतः कापून काढलं. दोनेक आठवड्यांत कामावर रुजू. सर्जनचं गाव, घराणं, सवयी, चुका, सगळं काही रुग्णाला पुरतं ठाऊक होतं अशी ही केस. आणि तरीही, मला खात्री आहे, त्याच्या मेहुण्याला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, ‘दुसरा कुणी बघायला हवा होता.’

सकाळी दाखल झालो. वॉर्डात रुग्णहक्कांची सनद लावली होती. २०२१ च्या सुधारित नियमांनी ती नर्सिंग होममध्ये दर्शनी भागात लावायची असते. दर्शनी भागात ती होतीच, फक्त तिच्यासमोर पाण्याचा फिल्टर होता. फिल्टरच्या डावीकडून ‘माहिती मिळण्याचा’ आणि उजवीकडून ‘दुसरे मत घेण्याचा’ एवढं वाचता येत होतं.

मग अचानक सगळं उलटं फिरलं. इतके दिवस चौकशी मी करत होतो, आता ते माझी करायला लागले. सिस्टर आल्या. नाव काय? कसलं ऑपरेशन? कुठली बाजू? मी सांगितलं. दुसऱ्या सिस्टर आल्या. नाव काय? कसलं ऑपरेशन? कुठली बाजू? मग ज्युनिअर आला, त्यानेही तेच विचारून माझ्या उजव्या मांडीवर मार्करने बाण काढला. माझे हातपाय गार पडले. यांना अजून बाजूच माहीत नाही?

‘असं विचारायचंच असतं,’ मुलगी फोनवर म्हणाली. ‘जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची यादी आहे, तुमच्या उटीच्या गावंडेंनीच पुढे होऊन केलेली. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरून बघितली तर मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं.’

मेहुण्याची मान ताठ झाली. ‘बघा दाजी. ते नाही आले, त्यांची यादी आली.’

एवढ्यात एक गृहस्थ लगबगीने आत शिरले. हातात हेल्मेट, खांद्यावर बॅग. ‘मी भूल देणार. लवकर बोलूया, मला दहाला दुसऱ्या हॉस्पिटलात पोचायचंय.’

मी बायकोकडे बघितलं, बायकोने मेहुण्याकडे बघितलं, मेहुण्याने तक्त्याकडे बघितलं. वय, गर्दी, गाडी, नखं, रिक्षा, सगळं होतं. भूलतज्ज्ञ नावाचा रकानाच नव्हता. ज्या माणसाच्या हातात माझा श्वास राहणार त्याचं नावसुद्धा कुणी विचारलं नव्हतं, गाव तर लांबच. मेहुणा रिक्षावाल्याला फोन लावायला बाहेर पळाला.

‘तंबाखू?’ भूलतज्ज्ञांनी विचारलं.

‘छे.’

‘घोरता?’

‘मुळीच नाही.’ पलीकडच्या कॉटवरचे आजोबा, जे तासाभरापूर्वी माझ्या डुलकीचे साक्षीदार होते, खोकल्यासारखं हसले.

‘खोकला कशाचा?’

‘हवेचा. धूळ...’

‘रोज जेवणानंतर गच्चीत जाऊन सिगारेट ओढतात,’ बायको म्हणाली. ‘लग्नाआधीपासून. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.’

भूलतज्ज्ञांनी ते शांतपणे लिहून घेतलं. इतक्या डॉक्टरांनी विचारूनही जे बाहेर आलं नव्हतं ते असं एका वाक्यात, स्टीलच्या डब्याचं झाकण लावता लावता बाहेर आलं. ‘किती?’ त्यांनी विचारलं. आता मला नाही, तिला.

आत थिएटरमध्ये गारठा होता. ‘पाठ गोल करा, हनुवटी छातीला लावा,’ असं म्हणेपर्यंत सुई टोचून झाली आणि पाय गरम होऊ लागले. छातीवर हिरवा पडदा उभा राहिला. मग पडद्यापलीकडे यादी सुरू झाली आणि एकेकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगितलं. सर्जन, ज्युनिअर, सिस्टर, डोक्याशी उभे असलेले भूलतज्ज्ञ, कोपऱ्यातला वॉर्डबॉय. ओळखी ऐकून मला फार बरं वाटलं. आपलीही ओळख करून द्यावी म्हणून मी तोंड उघडलं. ‘तुम्ही नका बोलू, काका,’ सिस्टर म्हणाल्या. ‘तुमचं झालंय.’

मी मान वर करून भूलतज्ज्ञांना विचारलं, ‘साहेब, तुमचं मूळ गाव कुठलं?’

‘सांगतो,’ ते म्हणाले. ‘आधी उजवा पाय उचलून दाखवा बघू.’

मी दात-ओठ खाऊन सगळं बळ लावलं. पाय चांगला हातभर वर गेला, मला स्पष्ट जाणवलं.

‘उचललाय,’ मी म्हटलं.

‘नाही उचललेला,’ ते म्हणाले, आणि पडद्यावरून पलीकडे बघत सर्जनना सांगितलं, ‘करा सुरू.’